वाट कुणाच्या नावावर?

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात एका बँक कर्मचारी भगिनीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाने मला बोलायला बोलावले याचे मला आश्चर्य वाटले. मी काही वक्ता नाही, राजकारणातली तर नाहीच. वाणिज्य शाखेची पदवी घेतली, परीक्षा दिली आणि बँकेत चिकटले. गेली वीस-बावीस वर्षे काउंटरच्या आत बसून बाहेरची रांग बघते आहे. त्यामुळे आज जे बोलणार आहे ते काउंटरवरून दिसलेले आहे. सीमाप्रश्नावर माझ्याहून अधिकाराने बोलणारे या सभागृहात पन्नासजण आहेत. मी बोलणार आहे एका पायवाटेबद्दल.

आपल्यापैकी निम्म्याहून अधिक घरांची मुळे खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात आहेत. आजोबा-पणजोबा कधीतरी शहरात आले, कुणी गोव्यात उतरले, कुणी पार बडोदा-इंदूरपर्यंत गेले. पण देव तिकडेच राहिले. म्हणून वर्षातून एकदा आपण गाडी करून जत्रेला जातो. जातो कधी? माघ-फाल्गुनात. तेव्हा नाल्यात गुडघाभरही पाणी नसते, पानगळीने जंगल मोकळे झालेले असते, वाटेवर मऊ धूळ असते. ओटी भरतो, जेवतो, संध्याकाळी परत. येताना म्हणतो, "काय सुंदर गाव आहे आपलं! निवृत्तीनंतर इथेच येऊन राहावं."

मीही असेच म्हणत होते. म्हणून आधी माझी चूक सांगते.

काउंटरवरची गोष्ट

काही वर्षांपूर्वी मी त्याच भागातल्या एका शाखेत होते. शाखेचे आणि गावाचे नाव सांगत नाही. ग्राहकाची ओळख उघड करायची नाही हा आमच्या नोकरीचा पहिला धडा.

जुलै महिना होता. दुपारी बाराच्या सुमारास एक साठी उलटलेल्या मावशी काउंटरला आल्या. लुगडे कासोट्यापर्यंत चिखलाने भरलेले. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले पासबुक तरीही भिजलेले. पाने एकमेकांना चिकटलेली. विधवा वेतन आणि गृहलक्ष्मीचे पैसे काढायचे होते. मी अंगठा लावायला सांगितला. यंत्राने नाही म्हटले. बोट पुसून पुन्हा लावले, पुन्हा नाही. दुसरे बोट लावले, तेही नाही. पावसात तासन्‌तास भिजलेली, आयुष्यभर भात लावलेली बोटे ती. सुरकुतलेल्या कातडीवरच्या रेघा यंत्राला वाचता येईनात. मागे रांग वाढत होती. मी सवयीने म्हटले, "मावशी, उद्या या."

त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "उद्या न्हाई जमत बाय. ती वाट आठवड्यातून एकदाच होते."

मला वाक्य समजले नाही. वाट 'होते' म्हणजे काय? वाट असते किंवा नसते. मी पुढचा टोकन नंबर पुकारला. त्या बराच वेळ बाकावर बसल्या आणि मग निघून गेल्या.

बंधू-भगिनींनो, अंगठा यंत्राने घेतला नाही तर कागदी स्लिपवर शाईचा अंगठा आणि साक्षीदारांची ओळख घेऊन पैसे देण्याची पद्धत बँकेत फार जुनी आहे. मला ती ठाऊक होती. त्याला दहा-पंधरा मिनिटे जास्त लागतात, एवढेच. त्या दिवशी मी ती पंधरा मिनिटे वाचवली. त्याची किंमत किती होती हे मला दोन आठवड्यांनी कळले, कारण एका रविवारी मी ती वाट चालून बघितली.

आठ किलोमीटर

डांबरी रस्त्यावरच्या बसथांब्यापासून ते गाव साधारण आठ किलोमीटर. आमच्या नात्यातला एक मुलगा त्या बाजूचा, तो सोबत आला. जत्रेला मी याच वाटेने जीपमधून गेले होते. जुलैमध्ये जीप तर सोडाच, बैलगाडीही जात नाही.

पहिला दीड किलोमीटर गाडीवाट आहे. चाकोऱ्यांत पाणी भरून दोन ओढे झालेले, मधला उंचवटा शेवाळलेला. बसथांब्याला छप्पर नाही. बस चुकली तर माणूस फणसाच्या झाडाखाली उभा राहतो.

पुढे जंगल लागते. तांबड्या मातीची उतरण, पावसाने वाट खणून काढलेली, जांभ्याचे दगड उघडे पडलेले. जळवांबद्दल बोलत नाही, त्या भागातला माणूसही बोलत नाही. तिथे एक मोठे झाड वाटेवर आडवे पडलेले होते. धडधाकट माणूस त्यावरून चढून जातो, म्हातारा माणूस खालून सरपटत जातो. मी विचारले, "गावात कुणाकडे करवत नाही का?" सोबतचा मुलगा हसला. म्हणाला, "करवत हाय ताई. पण परवानगीशिवाय फांदी तोडली तर केस घालतील म्हणून कोण हात लावत न्हाई."

तिसऱ्या टप्प्यावर नाला. त्यावर साकव. आपल्या घरातल्या तरुण मुलांना साकव हा शब्द आता फक्त पुस्तकात भेटतो, म्हणून सांगते. दोन काठांवरच्या झाडांना धरून लांब ओंडके टाकायचे, त्यावर आडव्या काठ्या वेलींनी आणि तारेने बांधायच्या, एका बाजूला धरायला बांबू. दरवर्षी पावसाच्या आधी गावची माणसे दोन दिवस खपून तो बांधतात. पाण्याचा मोठा लोंढा आला की तो जातो. मग पाणी उतरेपर्यंत गाव पलीकडे आणि जग अलीकडे. मावशींच्या "वाट होते" या शब्दांचा अर्थ मला त्या साकवावर उभी असताना कळला. पाणी उतरले, साकव टिकला, सोबतीला माणूस मिळाला, तर वाट होते. नाहीतर होत नाही.

चौथा टप्पा भाताच्या खाचरांचा. बांधावरून चालायचे, एका वेळी एक पाऊल. मी दोनदा घसरले.

उन्हाळ्यात ही वाट दोन तासांची आहे. मला त्या दिवशी साडेतीन तास लागले, आणि मी तेव्हा चाळिशीची, बुटांत, छत्री घेऊन. मावशी साठीच्या, अनवाणी, इरले घेऊन. परतीचा प्रवास वेगळा.

कॉमर्सवाल्या बाईचा हिशेब

आता थोडा हिशेब मांडते. सवयच आहे.

त्या वाटेवर अस्वल आहे, गवे आहेत, अलीकडे हत्तीही येतात. म्हणून एकटे कुणी निघत नाही. बँकेत एक माणूस जायचा म्हणजे घरातली किंवा शेजारची दोन माणसे जातात. २०२५-२६ साली कर्नाटकात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३७० रुपये होती. त्या हिशेबाने दोन माणसांचा एक दिवस म्हणजे ७४० रुपये. गृहलक्ष्मीचे महिन्याचे दोन हजार काढायला ७४० रुपयांची मजुरी बुडाली, म्हणजे शेकडा ३७. आमच्या बँकेने एखाद्या खात्यातून शेकडा ३७ शुल्क कापले असते तर वर्तमानपत्रांनी आम्हाला फाडून खाल्ले असते. ही वाट ते दरमहा कापते, आणि कुठल्याच पासबुकात त्याची नोंद होत नाही.

आणि ज्या दिवशी मी "उद्या या" म्हटले, त्या दिवशी ७४० गेले ते गेलेच, हातात काही आले नाही.

११ जून २०२३ पासून कर्नाटकात महिलांना साध्या सरकारी बसचा प्रवास मोफत आहे. चांगली गोष्ट आहे, माझ्या शाखेत येणाऱ्या बायकांना तिचा खरोखर उपयोग झाला. पण जिथे बस पोचतच नाही तिथल्या बाईला काय मोफत मिळाले? आठ किलोमीटर चालून आल्यावर पुढचे पंधरा किलोमीटर.

पैशाचे एक वेळ सोडा. दुखण्याचे काय? जुलै २०२४ मधली बातमी आपण सर्वांनी वाचली आहे. आमगावातल्या आजारी महिलेला गावकऱ्यांनी भर पावसात लाकडांना बांधून केलेल्या डोलीवर घातले आणि जंगलातून, नाल्यांवरून रुग्णवाहिकेपर्यंत खांद्यावर आणले. छायाचित्र छापून आले. आपण हळहळलो. आठवडाभर निवेदने गेली. पण ती पहिली डोली नव्हती. त्या भागात दिवस भरत आलेली सून महिनाभर आधीच रस्त्याकाठच्या नातेवाइकांकडे नेऊन ठेवतात. आठवीला गेलेली मुलगी एक तर मामाकडे राहते, नाहीतर घरी बसते. गुडघे गेलेला म्हातारा मृगापासून दिवाळीपर्यंत गाव सोडत नाही. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला येणारी काही माणसे मी पाहिली आहेत, ती पाच महिन्यांनी पहिल्यांदा डांबर पाहत होती.

मैदान आणि डोंगर

आता कुणी म्हणेल, सरकारची रस्त्याची योजना आहे की! आहे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० ला सुरू झाली. तिची अट काय? मैदानी भागात पाचशे लोकवस्ती. डोंगरी राज्ये, वाळवंटी भाग आणि पाचव्या अनुसूचीतले आदिवासी भाग यांच्यासाठी अडीचशे. डोंगरी राज्ये म्हणजे ईशान्येकडची राज्ये, हिमाचल, उत्तराखंड, जम्मू-काश्मीर. कर्नाटक त्यात नाही, आणि पाचव्या अनुसूचीतला भागही कर्नाटकात नाही. त्यामुळे सह्याद्रीच्या माथ्यावरचे आमचे गाव कागदावर 'मैदानी' ठरते. ज्या आमगावात २०१० साली दहा हजार मिलीमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला, ते या योजनेच्या हिशेबात मैदान! चाळीस-पन्नास उंबऱ्यांच्या वस्तीने पाचशे माणसे आणायची कुठून? गावे लहान म्हणून रस्ता नाही, आणि रस्ता नाही म्हणून गावे आणखी लहान होत चालली आहेत.

दुसरी बाजू जंगलाची. डिसेंबर २०११ मध्ये भीमगड वन्यजीव अभयारण्य घोषित झाले, क्षेत्र १९० चौरस किलोमीटरच्या वर. तळेवाडी, गवाळी, कृष्णापूर, देगाव, आमगाव ही आपली गावे त्या जंगलातली. या जंगलाबद्दल मी हलके बोलणार नाही. म्हादई तिथे उगम पावते. गोव्याहून आलेल्या आपल्या बांधवांना त्या पाण्याचे मोल सांगायला नको. जगात फार थोड्या ठिकाणी आढळणारे एक वटवाघूळ तिथल्या बारापेडे गुहांमध्ये राहते. ते जंगल तुटावे असे आपल्यापैकी कुणालाही वाटत नाही, आणि त्या गावांतल्या लोकांना तर नाहीच. शेकडो वर्षे ते तिथे राहिले आणि जंगलही राहिले, एवढा पुरावा पुरे.

२०२५ साली तळेवाडीच्या सत्तावीस कुटुंबांच्या स्थलांतराचा प्रश्न पुढे आला. कुटुंबामागे पंधरा लाख रुपयांची भरपाई ठरली. याबद्दल आपल्या मंडळात दोन मते आहेत हे मला माहीत आहे. कुणी म्हणाले, गाव विकले. मला तसे म्हणवत नाही. ज्याच्या घरातून डोली निघाली त्याने पंधरा लाख घेऊन रस्त्याकाठी यायचे ठरवले, तर शहरातल्या पंख्याखाली बसून मी त्याला नावे कशी ठेवू? मात्र एक प्रश्न विचारलाच पाहिजे. ज्या माणसाची वाट पंचवीस वर्षे दुरुस्त केली नाही, त्याच्याकडून घेतलेली संमती खुशीची म्हणायची का? जायचे त्याने खुशाल जावे, मानाने जावे, पुरी भरपाई घेऊन जावे. पण राहायचे त्याला राहता आले पाहिजे. वाट बंद करून गाव उठवणे ही नोटीस न देता केलेली जप्ती झाली.

रस्ता की वाट?

इथे मला आपल्याच माणसांशी थोडे भांडायचे आहे, वडीलधाऱ्यांनी राग मानू नये.

गेली कित्येक वर्षे आपली मागणी एकच: पक्का डांबरी रस्ता झालाच पाहिजे. निवेदन दिले जाते. तिकडून उत्तर येते, अभयारण्य आहे, शक्य नाही. आपण निषेध करतो. पुढच्या वर्षी पुन्हा तेच निवेदन, तारीख बदलून. जी गावे अभयारण्याच्या कडेला आहेत तिथे रस्ता व्हायलाच हवा, त्यात तडजोड नको. पण आत खोलवरच्या वस्त्यांसाठी 'रस्ता नाहीतर काही नाही' या हट्टात आपल्या हाती 'काही नाही' हेच आले आहे. डांबराच्या भांडणात पायवाट कुणी मागितलीच नाही.

मावशींना मी नंतर विचारले होते. होय, त्या पुन्हा आल्या, तीन आठवड्यांनी. तेव्हा मी शाईचा अंगठा घेतला, साक्षीदार शोधले, चहा मागवला. विचारले, "मावशी, काय झालं तर बरं होईल?" मला वाटले, रस्ता म्हणतील. त्या म्हणाल्या, "नाल्यावर न मोडणारा साकव. आणि चढावर हात धरायला कायतरी." बस्स, एवढेच.

म्हणून मी एक यादी केली आहे. नाल्यांवर लोखंडाचे किंवा सिमेंटचे पक्के साकव, माणूस आणि डोली जाईल एवढ्या रुंदीचे. चढ-उतारावर जांभ्याच्या पायऱ्या, एका बाजूला धरायला कठडा, आणि पाणी वाटेवरून न वाहता बाजूने जाईल अशी चर. पावसाआधी एकदा आणि श्रावणात एकदा वाटेवरची झुडपे आणि पडलेली झाडे काढायची रीतसर परवानगी, दरवर्षी नव्याने भीक न मागता. बसथांब्यावर छप्पर आणि बाक. प्रत्येक गावात घडीचे एक चांगले स्ट्रेचर, म्हणजे निदान डोली बांधण्यात जाणारा अर्धा तास वाचेल. यातले काहीही वाघाच्या किंवा वटवाघळाच्या वाटेत येत नाही.

आणि पाट्या. त्या दिवशी जंगलाच्या तोंडाशी मला एक पाटी दिसली. हत्तींचा वावर आहे, सायंकाळनंतर जाऊ नये, असा मजकूर. कन्नड आणि इंग्रजीत. तिच्याखाली जळणाची मोळी टेकवून एक बाई बसली होती. तिने मला विचारले, "बाय, हितं काय लिवलंय?" ती रोज त्या पाटीखालून जात होती. भाषिक अल्पसंख्याकांची संख्या पंधरा टक्के किंवा अधिक असेल तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे १९६१ च्या मुख्यमंत्री परिषदेत ठरलेले आहे. खानापूर तालुका ती अट कितीतरी पटीने ओलांडतो. मराठी पाटीची मागणी आपण शहरात दुकानांसाठी आणि बसवरच्या फलकांसाठी करतो, अभिमानाने करतो. जंगलातली ती पाटी मात्र जिवाशी गाठ आहे. आणि माझे म्हणणे, ती पाटी कन्नडमध्येही राहावी. त्या वाटेने कन्नड बोलणारी माणसेही जातात. हत्ती कुणाची मातृभाषा विचारत नाही.

कायदा काय म्हणतो

मी वकील नाही. पण बँकेत असल्यामुळे कागद वाचायची भीती गेली आहे. चार गोष्टी समजल्या त्या सांगते.

एक. वन हक्क कायदा, २००६ याच्या कलम ३ (२) मध्ये गावकऱ्यांच्या सोयीच्या तेरा कामांची यादी आहे. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पाणी, वीज, आणि रस्तेसुद्धा. अशा प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन लागत असेल आणि हेक्टरी पंचाहत्तरपेक्षा अधिक झाडे तुटणार नसतील, तर ग्रामसभेच्या शिफारशीवर ती जमीन देता येते. विचार करा, एका साकवाला किती जमीन लागते? दोन्ही काठ धरून एक-दोन गुंठेही नाहीत.

दोन. या कायद्याखालच्या ग्रामसभेला निम्म्या सदस्यांची हजेरी लागते आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश स्त्रिया लागतात. म्हणजे बायकांशिवाय ठरावच होत नाही. वाटेची खरी जाणकार बाईच आहे, तिला बोलावणे कायद्यानेच भाग आहे.

तीन. अभयारण्यात प्रवेशावर निर्बंध घालणारे कलम वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये आहे, पण ज्याचा आत स्थावर मालमत्तेवर हक्क आहे त्याला आणि त्याच्यावर अवलंबून असणाऱ्यांना त्या कलमातच सूट आहे. आपल्या शेतात जाणारा माणूस घुसखोर नव्हे. हे पुष्कळांना माहीत नाही, आणि फाटकावर उभ्या असणाऱ्यालाही कधी कधी माहीत नसते.

चार, आणि माझ्या मते सर्वात महत्त्वाचे. जुन्या मोजणीच्या गावनकाशावर गाडीवाटा आणि पायवाटा आखलेल्या असतात. आपल्या वाटा त्या नकाशावर आहेत का, हे आपण कधी बघितलेच नाही. मी एका कार्यालयात साधे पत्र पाठवून विचारले होते. त्याला उत्तर आले नाही. चूक माझीच, साध्या पत्राला कुणी बांधील नसतो. माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून अर्ज करायला हवा होता. कर्नाटकात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, तेव्हा भाषणबाजी न करता एका गावासाठी एक अर्ज करायचा. मागायचे एकच: गावनकाशाची प्रत.

बँकेत आम्ही कर्ज देताना पहिला प्रश्न विचारतो, जमीन कुणाच्या नावावर? उतारा आणा. वाटेचा उतारा कुणी मागत नाही. वाट सगळ्यांची, म्हणून ती कुणाच्याच नावावर नाही, आणि म्हणून ती कुणाच्याच जबाबदारीची नाही. ती कागदावर आणणे हे पहिले काम.

मंडळापुढे तीन विनंत्या

आपण दर १ नोव्हेंबरला रस्त्यावर उतरतो. उतरलेच पाहिजे. १९५६ साली जे झाले ते विसरायचे नाही, आणि २००४ सालचा दावा निकाली निघेल तेव्हा निघेल. पण न्यायालयाची वाट बघत असताना मावशींची वाट वाहून जाता कामा नये. उद्या ही गावे महाराष्ट्रात गेली तरी तो नाला तिथेच राहणार आहे. आणि निकालाच्या दिवशी त्या गावांत मराठी बोलायला कुणी उरलेच नाही, तर आपण कशासाठी भांडलो?

म्हणून तीन विनंत्या करते.

पहिली: मंडळाने 'वाटेची वही' सुरू करावी. प्रत्येक वाटेला एक पान. लांबी किती, उन्हाळ्यात किती वेळ, पावसात किती वेळ, नाले किती, साकव कुणी आणि कधी बांधला, कधी वाहून गेला, कितीदा डोली आणावी लागली. माणसांची नावे नकोत, तारखा हव्यात. तीन पावसाळ्यांची अशी वही टेबलावर ठेवली की 'गैरसोय होते' असे नुसते म्हणणारे निवेदन आणि ही वही यांतला फरक कुठल्याही अधिकाऱ्याला कळेल. ती वही लिहायला मी बसते. हिशेब लिहायला मला कुणी शिकवायला नको.

दुसरी: गावनकाशाचे अर्ज. सभागृहात निवृत्त तलाठी आहेत, मोजणी खात्यात काम केलेले आहेत, वकील आहेत. ज्याचे कुलदैवत ज्या गावात, त्याने त्या गावाचा अर्ज करावा. देवाला नारळ देतो, तसाच दहा रुपयांचा अर्ज.

तिसरी: मे महिन्याच्या शेवटी गावे साकव बांधतात तेव्हा आपल्यातले वीस-पंचवीस तरुण त्या दोन दिवसांसाठी जावेत. फलक नको, छायाचित्र नको. ओंडका उचलायला खांदा हवा आहे. गावात माणसे कमी झाली आहेत, जी आहेत ती पन्नाशीच्या पुढची आहेत. आणि ज्यांना ओंडका उचलता येणार नाही त्यांनी जुलैमध्ये एकदा फक्त चालून यावे. जत्रेच्या दिवसांत पाहिलेले गाव आणि पावसातले गाव एकच आहे, हे पायाने कळले पाहिजे.

माझी त्या शाखेतून बदली होऊन आता बराच काळ झाला. मावशी अजून येत असतील की त्यांचा नातू यंत्रावर अंगठा लावायला गावातच कुणी बँक मित्र शोधतो, मला ठाऊक नाही. पण त्या दिवसापासून मी एक नियम पाळला आहे. काउंटरला भिजलेले पासबुक आले की मी आधी विचारते, "किती चालून आलात?" आणि "उद्या या" हे शब्द मी तोंडातून काढत नाही.

मंडळानेही त्या गावांना फार वर्षे "उद्या या" म्हटले आहे. यंदा तरी म्हणू नये.

वहीचे पहिले पान मी आज आणले आहे. सभा संपल्यावर दाराशी बसते. ज्यांच्या गावाला अशी वाट आहे त्यांनी गावाचे नाव आणि नाल्यांची संख्या सांगून जावे.



जय महाराष्ट्र!